लिफ्टमनच्या शर्टाचं कापड

“दोन्ही हातांनी धरा. ओढू नका. कापडाला आपलं आपण सरळ पडू दे.”

हा आवाज माझ्या कानात अजून आहे. कापडाच्या दुकानातले मोजणारे काका नव्याने कामाला लागलेल्या बाईंना शिकवत होते, आणि शिकवायला त्यांच्या हाताशी मी होतो. बाईंनी मला ताग्यावरून उलगडलं, लोखंडी पट्टीला लावून मोजलं, काठाला कात्रीचं नुसतं टोक लावलं आणि टर्रकन फाडलं. त्या क्षणी मी ताग्यापासून वेगळा झालो. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. नाही दुखलं. फाडताना कापडाचा आवाज होतो, एवढंच.

मित्रांनो, मी एक जुना शर्टपीस आहे. शर्टपीस म्हणजे एका शर्टापुरतं कापड. जुना म्हणताना मला जरा अवघडल्यासारखं होतं. जुनं कापड म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे विटलेली कॉलर येते, उसवलेला खिसा येतो, आणि शेवटी फरशी पुसायचं फडकं येतं. माझ्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मला कॉलर नाही, खिसा नाही, अंगावर एक टाका नाही. आज सकाळपर्यंत मी जुनाही होतो आणि कोराही होतो.

माझं बालपण चारचौघा कापडांसारखंच गेलं. बोंडातले दिवस आता आठवत नाहीत. यंत्रांचा खडखडाट आठवतो. उभे धागे ताणून धरलेले आणि त्यांच्यामधून आडवा धागा इकडून तिकडे धावतोय. मग रंगाची टाकी. तीतून मी निळा होऊन निघालो. पाटीवरचा खडू ओल्या बोटाने पुसल्यावर जो धुरकट रंग उरतो ना, त्यात थोडं आभाळ मिसळावं, तसा निळा. मग मला गुंडाळून दुकानात पाठवलं. तिथे मी मधल्या फळीवर उभा होतो. येणारं-जाणारं गिऱ्हाईक मला हात लावून जाई. “रंग छान आहे हो,” असं म्हणे आणि पुढे जाई. मला तेवढं कौतुक पुरत होतं.

एके दिवशी ताई आल्या. दुकानात सगळे त्यांना ताईच म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्या घरी शिवणकाम करायच्या. कुणाचे पडदे, कुणाच्या मुलांचे शाळेचे कपडे, कुणाच्या साड्यांना फॉल. जाणती माणसं कापड तळहाताने बघत नाहीत, बोटांच्या पाठीने बघतात. ताईंनी तसंच बघितलं. त्यांच्या बोटाच्या टोकाला सुई टोचल्याच्या बारीक खुणा होत्या, पण बऱ्याच दिवसांत त्यांत नवी खूण पडलेली दिसत नव्हती.

“कशासाठी हवंय, ताई?” मोजणाऱ्या काकांनी विचारलं.

“शर्ट शिवायचाय. सासऱ्यांना.”

“मग हाच घ्या. जितका धुवाल तितका मऊ पडेल.”

“खरंच पडेल ना?”

“आता माझ्या अंगावर कोणता आहे? हाच! हात लावून बघा बाही.”

ताई हसल्या नाहीत, पण बाहीला हात लावून बघितला. मग नव्या बाईंनी मला मोजून फाडलं, आणि मी ताईंच्या पिशवीतून घरी आलो.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दोन खोल्या, खिडकीखाली शिवणयंत्र, भिंतीला आरशाचं कपाट, कोपऱ्यात देवाचा छोटा देव्हारा. घरात माणसं दोनच, ताई आणि त्यांचे सासरे. सासऱ्यांचा मुलगा, म्हणजे ताईंचे यजमान, आदल्या वर्षी गेले. ते कसे गेले ते मला कधी कळलं नाही, कारण त्या घरात त्याबद्दल कोणी बोलत नसे. तो विषय यायच्या आधीच दोघं वेगवेगळ्या खोल्यांत जात.

सासरे, मी त्यांना आजोबा म्हणतो, एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवायचे. आख्खं आयुष्य त्यांनी तेच केलं. खाकी गणवेश, गळ्यापर्यंत बटणं, केसांना तेल. कुणाचा जीव घोटाळलेला असो की कुणी पेढ्यांचा पुडा घेऊन आलेला असो, आजोबा त्याच नम्रपणाने विचारत, “कितवा मजला?” आणि आता त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. पाय काठीच्या आधाराने चालत होता, जीभ तर अगदी ठणठणीत होती, पण उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथेच राहायचा.

“आयुष्यभर लोकांना वर नेलं,” ते म्हणायचे, “आणि राहायला मिळालं जिन्याचं घर. देवाला विनोद कळतो हो.”

मित्रांनो, आता अडचण काय होती ते ऐका. आजोबांना काठी काखेत मारून, डाव्या हाताने कठड्याला धरत खाली उतरता येत होतं. खाली फाटकाजवळ एक बाक होता आणि तिथे रोज संध्याकाळी त्यांचे एक जोडीदार येऊन बसत. त्याच इस्पितळात दुसऱ्या पाळीला लिफ्ट चालवणारे, म्हणून जोडीदार. त्यांचे गुडघे गेलेले, त्यांना वर चढता येत नव्हतं. पण आजोबांना एका हाताने शर्टाची बटणं लावता येत नव्हती. सैल बनियन तेवढं डोक्यातून ओढून घालता येई. आणि बनियनवर खाली जाऊन बसायला ते तयार नव्हते. बटणं सुनेकडून लावून घ्यायची, तर ते त्याहून नको होतं. मुलगा असता तर त्याने लावली असती. हेही कुणी बोललं नाही, मला ते नंतर उमगलं.

ताईंनी मला आजोबांच्या मांडीवर ठेवलं.

“बाबा, हे बघा. हात लावा.”

आजोबांनी डावा हात माझ्यावरून फिरवला. सावकाश, या काठापासून त्या काठापर्यंत. “चालेल,” ते म्हणाले. “हेच चालेल.”

“जरा जाडसर नाही वाटत?”

“पोरी, मी लिफ्टमन आहे, नवरदेव नाही. पण एक सांगतो. ती चिकटपट्टी लावू नकोस. चर्रर्र करून उघडते, कुत्र्याच्या पट्ट्यासारखी. आणि बंदही नकोत, ते इस्पितळातल्या झग्याला असतात. मला बटणं हवीत. मी माझ्या हाताने लावणार.”

“एका हाताने?”

“बायकांच्या शर्टाला बटणं दुसऱ्या बाजूला असतात ना? तशी लाव मला. डाव्या हाताला सोपं पडतं. बटणं जरा मोठी, काजं जरा सैल. लिफ्टमध्ये उभा राहून एवढी वर्षं लोकांची बटणंच तर बघितली.”

“आणि कुणी हसलं तर?”

“हसू दे की. हसायला का होईना, कुणी जवळ तर येईल.”

ताईंनी मान हलवली. “शिवते, बाबा. शब्द देते तुम्हाला.”

त्यांनी माझी घडी घातली आणि मला कपाटात ठेवलं. उद्या काढायचं म्हणून अगदी वरच ठेवलं.

उद्या मला काढलं नाही. दोन-तीन दिवसांनी कपाट उघडलं आणि माझ्यावर एक पांढरा शर्टपीस येऊन पडला. “ते जरा जाडच वाटत होतं,” ताई बाहेर कुणाला तरी सांगत होत्या, बहुधा स्वतःलाच. पांढरा नवाकोरा, तोऱ्यात होता. मला म्हणाला, “काय हो, इथे कापतात कधी?” मी म्हटलं, “उद्या.” पुढे पांढऱ्यावर राखाडी आला. पांढरा फार पातळ, आतलं बनियन दिसेल म्हणून. राखाडीवर बारीक चौकड्यांचा आला. तो आला आणि त्यानेही विचारलं, “इथे कापतात कधी?” पांढऱ्याने उत्तर दिलं, “उद्या.” मी गप्प बसलो.

पुढे शर्टपीसच येत राहिले असं नाही. फुलांचं एक कापड आलं, पडद्यांसाठी म्हणून. पिवळं एक आलं, उशांच्या अभ्र्यांसाठी. मखमलीचा एक तुकडा आला, तो कशासाठी ते ताईंनाही ठाऊक नव्हतं. उरलेला होता, स्वस्तात मिळाला, सोडवेना. कपाटाचं दार आता पूर्ण लागत नसे. बोटभर फट कायम उघडी राही. त्या फटीतून दुपारचं ऊन आत येई आणि बरोबर माझ्या घडीच्या कडेवर पडे. त्या फटीतूनच मी पुढचं सगळं बघितलं.

शेजारच्या काकू यायच्या, कपाटाकडे बघायच्या आणि कमरेवर हात ठेवायच्या.

“काय गं, हे कपाट आहे की गोदाम? दार लावायला आता पैलवान बोलवावा लागेल.”

“या रविवारी सगळं काढणार आहे, काकू.”

“कुठल्या रविवारी? तुझ्या रविवारला तारीख असते का?”

“अहो, खरंच काढणार आहे.”

“माझ्या परकराचं कापड दिलंय मी तुला. ते यात कुठे गाडलंयस कोण जाणे. मी काय म्हणते, उत्खनन करशील तेव्हा मला हाक मार, मीही येते फावडं घेऊन.”

काकू हसायच्या. ताईही ओठ हलवायच्या. काकू गेल्या की ताई कपाटासमोर उभ्या राहायच्या, एकेका कापडाच्या काठावरून बोटांची पाठ फिरवायच्या, आणि दार जमेल तेवढं लोटून द्यायच्या.

मित्रांनो, मी कापड आहे, त्यामुळे हा मोह मला आतून ठाऊक आहे. दुकानात कापड विकत घेताना शर्ट शिवून झाल्यासारखाच वाटतो. तो कसा दिसेल ते दिसतं, तो घातलेलं माणूस दिसतं, त्या माणसाचा चेहराही दिसतो. एक टाका न घालता हे सगळं मिळतं. घरी आल्यावर मात्र कात्री हातात घ्यावी लागते. आणि कात्री एकदा चालली की कापड तेच राहत नाही. मग ते एकच काहीतरी होऊ शकतं, आणि तेही बिघडू शकतं. घडीतल्या कापडाचं काही बिघडत नाही. म्हणून माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढतो.

ताईंचे नेम कडक होते. सकाळी आंघोळ, दिवा, देवापुढे दोन मिनिटं मिटलेले डोळे. त्यानंतर शिवणयंत्र पुसायचं आणि तेलाचा एक थेंब घालायचा. आजारी असल्या तरी यातलं काही चुकलं नाही. एका सकाळी दिव्यासमोर त्या बराच वेळ बसल्या आणि पुटपुटल्या, “आता नवं आणणार नाही. आहे त्यालाच हात लावीन.” मी ऐकलं. पांढऱ्यानेही ऐकलं. आम्हाला वाटलं, आता झालं.

पण तो एकच नेम त्यांच्याकडून पाळला गेला नाही. काही दिवसांनी त्या बाजारातून आल्या, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली आणि तिच्यामागून दुसरी एक पातळ पिशवी काढली. कपाटापर्यंत येताना त्या देव्हाऱ्याच्या बाजूने आल्या नाहीत, लांबून, पलंगाला वळसा घालून आल्या. देव त्यांना काही म्हणणार नव्हता. नेम मोडला की माणूस स्वतःलाच टाळून चालायला लागतं.

मला तेव्हा त्यांची कीव आली का? खरं सांगतो, काही आलं नाही. कपाटात फार दिवस राहिलं की कापडाला काही वाटेनासं होतं. आधी वाट बघणं संपतं, मग रुसणं संपतं, मग नुसती घडी उरते. माणसांचंही तसंच होत असावं. ताई पोळ्या लाटायच्या, औषधं द्यायच्या, काकूंशी बोलायच्या, सगळं वेळच्या वेळी. पण सगळं असं, जसं कुणीतरी त्यांची घडी घालून त्यांना त्या घरात ठेवून दिलंय.

शिवणयंत्राकडे मात्र मी पुष्कळदा बघत असे. त्यावर एक शर्ट होता. फिकट तपकिरी रंगाचा, मोठ्या मापाचा. डावी बाही लागलेली होती. उजवी बाही अर्धी शिवून झालेली, आणि सुई तिच्यात खुपसलेली, वर तो लोखंडी पाय कापड दाबून धरून बसलेला. ताई रोज यंत्र पुसायच्या ते त्या शर्टाच्या भोवतीने. चाक पुसायच्या, लाकूड पुसायच्या, तेल घालायच्या. पण तो पाय वर उचलत नसत. तो शर्ट कुणाचा, हे विचारायची गरज नव्हती. आजोबांच्या मापाचा तो नव्हता.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. यंत्र रिकामं नव्हतं. दुसरा कुठलाही शर्ट शिवायचा तर आधी तो काढायला हवा होता.

आणि रोज संध्याकाळी खालून हाक यायची.

“अहो वरचे! तळमजला आलाय! कुणी उतरणार आहे का?”

आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले असत. ते मोठ्याने ओरडत, “लिफ्ट बंद आहे! दुरुस्तीवाला यायचाय!”

“कधी यायचाय?”

“आमच्या घरातलाच आहे! उद्या म्हणतो!”

खालून हसू ऐकू येई. स्वयंपाकघरात ताई हातातलं भांडं जरा जोरात ठेवत, मग पुन्हा हळू.

बरेच दिवस असं चाललं. मग आजोबांचं उत्तर लहान झालं. “लिफ्ट बंद आहे,” एवढंच. मग ते ओरडेनासे झाले, खिडकीतून नुसता हात हलवत. एका संध्याकाळी हाक आली आणि आजोबांनी हातही हलवला नाही. त्यांनी डाव्या हाताने खुर्ची सरकवली, थोडी थोडी करत, आणि तोंड भिंतीकडे करून बसले. खालून आणखी एकदा हाक आली. मग जोडीदारही गप्प झाले.

त्यानंतर आजोबा शर्टाबद्दल काही विचारत नसत. विनोद करत नसत. डाव्या हाताने जेवायची सवय झाली होती, तीही सुटत चालली. घास अर्ध्यावर थांबायचा. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई ताईंना दाराशी घेऊन म्हणाल्या, “हात बिघडलाय तो उजवा. पण आता डावाही सोडून देतायत हो ते. त्यांना स्वतःचं काहीतरी स्वतः करू द्या. माणूस सुटत गेलं की मग धरायला काही राहत नाही.”

ताई “हो” म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी दुकानात गेल्या.

मला ते बाहेरून परत येणं अजून दिसतं. चपला काढायच्या आधीच त्यांनी पिशवी उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर फार दिवसांनी काहीतरी होतं.

“बाबा, मिळालं. अखेर मिळालं बघा. मऊ पडतं धुतल्यावर, घामही टिपेल, रंगही तुम्हाला शोभेल. आता हेच.”

त्यांनी ते कापड आजोबांच्या मांडीवर ठेवलं. आजोबांनी भिंतीवरची नजर काढली. डावा हात उचलला आणि या काठापासून त्या काठापर्यंत फिरवला. मग थांबले. मग पुन्हा फिरवला.

“हे तर तू आणलंयस,” ते म्हणाले.

“आत्ताच आणलं ना.”

“आत्ता नाही. आधी. सगळ्यात आधी. मी म्हटलं होतं, चालेल.”

“ते दुसरं होतं, बाबा. ते जाड होतं.”

“कपाट उघड.”

ताईंनी दार ओढलं. सगळं त्यांच्या पायांवर आलं. चौकडी, राखाडी, पिवळं, फुलं, मखमल, काकूंचं परकराचं कापड. तळाशी पांढरा आणि त्याच्याखाली मी. ताईंनी मला उचललं आणि नव्या कापडाशेजारी धरलं.

मित्रांनो, ते माझंच होतं. त्याच ताग्याचं, माझ्या पुढचंच. फाडलेला काठ काठाला लावला असता तर धाग्याला धागा जुळला असता. त्याने मला ओळखलं नाही. ते अजून दुकानातलं होतं, तकतकीत. माझ्या अंगावर घडीच्या कडेला एक लांब फिकट रेघ पडली होती, फटीतल्या उन्हाची.

ताई खाली बसल्या. कापडांच्या ढिगात, एका हातात मी, एका हातात ते. त्या रडल्या नाहीत. बराच वेळ नुसत्या त्या रेघेकडे बघत राहिल्या.

“मला कळलंच नाही,” त्या म्हणाल्या.

आजोबांनी मांडीवरचा उजवा हात डाव्या हाताने सरळ केला. मग म्हणाले, “इस्पितळात माझा पहिला दिवस. लिफ्ट मी दोन मजल्यांच्या मध्ये अडकवली. आत सगळ्यात मोठे डॉक्टर. घामाने माझी टोपी भिजली. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, आधी दाराची जाळी उघडा तरी. मी जाळीला हातच लावत नव्हतो. वाटत होतं, उघडलं तर आणखी काही होईल.”

“मग?”

“मग काय, उघडली. बाहेर भिंत होती. पण हवा आली.”

ताईंनी मान खाली घातली.

“बिघडू दे गं शर्ट,” आजोबा म्हणाले. “बिघडला तर घरात घालीन. तू मला भारीतला शर्ट शिवावास म्हणून मी बसलेलो नाही.”

“यंत्रावर…” ताई म्हणाल्या.

“मला माहीत आहे यंत्रावर काय आहे,” आजोबा म्हणाले. “मी रोज त्याच्याच समोर बसतो.”

त्या दोघांत त्या विषयावरचं हे एवढंच बोलणं झालं. आजोबांनी मला ताईंच्या हातातून घेतलं. “हेच घे. जुनं.”

“याला रेघ पडलीय, बाबा. कटिंग कसंही केलं तरी कुठेतरी येणारच.”

“पाठीवर घे. मला पाठ दिसत नाही.”

“शिवते, बाबा.”

“मागेही म्हणाली होतीस,” आजोबा म्हणाले. रागाने नाही. मजला सांगावा तसं म्हणाले. आणि पुन्हा भिंतीकडे वळले.

ही कालची गोष्ट.

मित्रांनो, तुम्हाला मी उपदेश करणार नाही. कपाटात राहिलेल्याने कुणाला शहाणपण शिकवू नये. एवढीच विनंती आहे. तुमच्या घरात कुणी शिवत असेल, तर कधीतरी त्यांचं कपाट उघडा आणि तळातलं एक कापड काढून त्यांच्या हातात द्या. नवं आणायला त्यांना अडवू नका, त्याने काही होत नाही, मी बघितलंय. नुसतं जुनं हातात द्या आणि म्हणा, हे चालेल. कापडाची काळजी घेणं म्हणजे त्याची नीट घडी घालून ठेवणं, असं तुम्हाला सांगितलं असेल. तेवढ्याने होत नाही. आम्ही अंगावर येण्यासाठी आहोत. घामाने भिजायला, धुवायला, वाळायला, कोपरावर विरायला. आम्हाला जपायचं असेल तर वापरा. आणि तुमच्या घरात कुणी भिंतीकडे तोंड करून बसायला लागलं असेल, तर चांगल्यातलं चांगलं काहीतरी मिळेपर्यंत थांबू नका. जे हाताशी आहे ते घेऊन जा.

आज सकाळी ताई उठल्या. आंघोळ केली, दिवा लावला, डोळे मिटले. यंत्र पुसलं, तेलाचा थेंब घातला. मग त्या तिथेच उभ्या राहिल्या. मला फटीची गरज नव्हती, मी खुर्चीच्या पाठीवर होतो, मला सगळं दिसत होतं. त्यांनी चाकावर हात ठेवला आणि अर्धा वळसा फिरवलं. सुई वर आली. मग मागचा दांडा उचलला. तो लोखंडी पाय वर जाताना बारीकसा आवाज झाला. ताईंनी तपकिरी शर्ट बाहेर ओढला, दोरा कात्रीने तोडला, लोंबणारी बाही आत घेतली आणि शर्टाची घडी घातली. घडी नीट घातली, कॉलर वर ठेवून. कपाटात वरच्या कप्प्यात जागा केली आणि तिथे तो ठेवला.

आजोबा झोपेतून जागे झाले होते की नाही, कळलं नाही. त्यांचं तोंड भिंतीकडेच होतं.

मग ताईंनी मला उचललं. कोरं कापड आधी पाण्यातून काढावं लागतं, नाहीतर शिवल्यावर आटतं आणि माप चुकतं. एकदा भिजलं की ते दुकानातलं राहत नाही. परतही करता येत नाही, पुन्हा घडी घालून उद्यावर टाकताही येत नाही. ताईंनी आजवर आणलेलं एकही कापड भिजवलं नव्हतं.

त्यांनी न्हाणीघरात जाऊन बादली नळाखाली सरकवली. माझी घडी उलगडली, एक, मग दुसरी, मग सगळी. नळ सोडला.

पाणी गार होतं. मला ते कळलं.